काल्पनिक जगात आधी काय ठरवायचं: नाणं की कर?

कोरीपाटी:
वर्षभर एक काल्पनिक राज्य रचतेय. नकाशा झाला, राजघराणी झाली, जादूचे नियमही झाले. परवा लिहिताना नायिकेने एका रात्रीच्या मुक्कामाला एक सुवर्णमुद्रा दिली आणि पुढच्याच प्रकरणात घोडाही एका सुवर्णमुद्रेत घेतला. तिथे मी अडले.

आता माझं ठाम मत झालंय. नाण्याचं नाव, त्यावरचा छाप हे सगळं नंतर. राजा कर कशात घेतो ते आधी ठरवा. शेतकऱ्याकडे धान्य आहे आणि राजाला चांदीच हवी, तर शेतकऱ्याला बाजार गाठावाच लागतो. सुगीत सगळ्यांचं धान्य एकदम येतं, भाव पडतो, उरलेल्या करासाठी तो सावकाराच्या दारात जातो. एका नियमातून बाजार, कर्ज आणि पुढचं बंड, तिन्ही मिळतात.

वाचनवेडा:
पूर्ण असहमत. इतकी वर्षं अद्भुत कथा वाचतोय, घोड्याची किंमत मुक्कामाच्या भाड्याशी कधीच ताडून पाहिली नाही. नायकाने थैली टाकली, पहारेकरी बाजूला झाला, मला तेवढं पुरतं. अर्थव्यवस्था रचत बसलेल्या लेखकांची कथा मागे राहते, हे मी जवळून पाहिलंय.

जुनीनाणी:
@वाचनवेडा, त्या थैलीचं वजन करून बघा. फ्लोरेन्सचा फ्लोरिन (१२५२) आणि व्हेनिसचा डुकाट (१२८४), दोन्ही सोन्याची नाणी, साधारण साडेतीन ग्रॅमची. म्हणजे दहा हजार मोहरा झाल्या पस्तीस किलो. तेवढं पाठीवर घेऊन तटावरून उडी मारता येत नाही. मग हुंडी लागते, ती दुसऱ्या शहरात वटवणारी पेढी लागते, आणि पेढीवाला विश्वासू आहे का हा प्रश्न येतो. यात कथा कुठे मागे राहिली? तिला एक पात्र जास्तीचं मिळालं.

ड्रॅगनच्या खजिन्याचंही तेच. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. साधारण बारा वर्षांनी अरब इतिहासकार अल-उमरीने लिहिलं, तेव्हाही भाव सावरला नव्हता. ड्रॅगन मारून खजिना गावात आणणारा नायक गावाचं काय करतो, हे कुणी लिहीतच नाही!

पण @कोरीपाटी, तुमचंही पटत नाही. प्रशांत महासागरातल्या याप बेटावर दगडाच्या मोठाल्या चकत्या धन म्हणून चालत. एक तर समुद्रात बुडाली, तरी तिची मालकी सगळ्यांनी मान्य केली. तिथे कर मागणारा राजा कुठे होता? पैसा लोकांच्या आठवणीतूनही उभा राहतो.

कोरीपाटी:
बेटावर सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून आठवण पुरते. माझ्या राज्यात तांडे परक्या मुलखातून येतात. अनोळखी माणसाकडून लोक नाणं घेतात, कारण उद्या तेच सरकारात भरता येतं.

उत्तरवारा:
तेवढ्यानेही भागत नाही. मुहम्मद बिन तुघलकाने १३३० च्या सुमारास चांदीच्या टंका या नाण्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. सरकार ती घेत होतं, आणि नेमकं तिथेच बिनसलं. लोकांनी घरोघरी नाणी पाडली आणि करातही तीच भरली. शेवटी सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी मोजावं लागलं.

आता तुमच्या जगात जादू आहे. धातूची नक्कल करणारा एक मांत्रिक असला तरी टांकसाळ संपली. म्हणून मी आधी विचारेन: तुमच्या जादूला कशाची नक्कल जमत नाही?

वाचनवेडा:
हा प्रश्न मलाही वाचायला आवडेल. खोटी नाणी पाडणारा मांत्रिक पकडला जातो, इथून मी पानं उलटत जाईन. पण बारा नाण्यांचा विनिमय तक्ता पुस्तकाच्या सुरुवातीला छापलात तर तो मी ओलांडूनच जाणार. माझा मूळ आक्षेप त्यालाच आहे.

कोरीपाटी:
तक्ता माझ्या वहीतच राहील.

@उत्तरवारा, रात्रभर यावर विचार केला. माझ्या जगातली जादू धातू, कापड, कागद सगळं दुप्पट करते. जिवंत गोष्टीला मात्र हात लावू शकत नाही. म्हणजे राजाला कर माणसांच्या कामाच्या दिवसांतच घ्यावा लागेल, आणि गावोगावी त्या दिवसांची नोंद ठेवणारी माणसं लागतील. मुक्कामाचं ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. नायिका खोलीच्या बदल्यात मालकिणीच्या वाट्याचा तट-बांधणीचा अर्धा दिवस आपल्या नावावर लिहून घेते. घोड्यासाठी तिला पूर्ण पावसाळा द्यावा लागेल.