मराठी-इंग्रजी वादविवाद स्पर्धा (आठवी ते दहावी): आखणी कशी करावी?

गोदाकाठ:
परभणीत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसाची आंतरशालेय स्पर्धा घ्यायची आहे. 16 संघ, आठ वर्गखोल्या. निम्म्याहून जास्त शाळा मराठी माध्यमाच्या, बऱ्याचशा तालुक्यांतल्या. चार-पाच इंग्रजी माध्यमाच्या. दोन्ही भाषा हव्यात, पण इंग्रजी माध्यमवाले आयते जिंकू नयेत. नेहमीची 'एक अनुकूल, एक प्रतिकूल, 5 मिनिटं' पद्धत चालेल का?

बालाघाट:
ती सोडाच. तिच्यात मुलं सरांनी लिहून दिलेलं पाठ म्हणतात, समोरच्याचा मुद्दा कुणी खोडत नाही. तिघांचा संघ आणि एक राखीव घ्या, संघाविरुद्ध संघ. जागतिक शालेय पद्धतीत (देशोदेशींच्या शालेय संघांच्या वादविवाद स्पर्धेत चालते ती) भाषण 8 मिनिटांचं आणि समारोप 4 मिनिटांचा असतो; आठवी-नववीच्या मुलांना तेवढा वेळ भरता येत नाही आणि ती तेच तेच बोलू लागतात. 5 आणि 3 ठेवा. सहा भाषणांची 30 मिनिटं, दोन समारोपांची 6, निकाल आणि परीक्षकांच्या सूचना 15. खोल्या बदलण्यासकट फेरी सव्वा तासात बसते. समारोप पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानं करायचा, आणि आधी प्रतिकूल बाजूनं.

भाषेचा नियम असा: प्रत्येक सामन्यात संघातला एक वक्ता इंग्रजीत, एक मराठीत, तिसऱ्याला मोकळीक. इंग्रजीची सक्तीची पाळी दर फेरीला बदलायची, म्हणजे उपांत्यआधीच्या तीन साखळी फेऱ्यांत तिघांवरही येते आणि एकट्या हुशार मुलावर संघ तरत नाही. मराठीचीही तशीच फिरवा. अख्खी फेरी इंग्रजीत ठेवाल तर ग्रामीण संघ ती उभं राहण्याआधीच हरतात. ज्याची इंग्रजी कच्ची, त्याची पाळी अनुकूल बाजूच्या पहिल्या भाषणात लावायला शिक्षकांना सांगून ठेवा. ते एकच भाषण पूर्ण तयारी करून देता येतं. तिसऱ्या वक्त्याचं काम जवळजवळ सगळं प्रतिवादाचं, तिथं ऐनवेळी वाक्यं जुळवावी लागतात.

मांजरा:
गुणपत्रिका आधी नीट करा, सगळा अन्याय तिथंच होतो. 'शैली'ला 40 गुण ठेवले की परीक्षक नकळत फाड-फाड इंग्रजीला गुण देतात. आशय 40, प्रतिवाद 30, मांडणी 20, आवाज आणि स्पष्टता 10. व्याकरणाचे गुण कापायचे नाहीत, हे पत्रिकेवरच छापा.

साखळी फेऱ्यांत खोलीला एक परीक्षक, उपांत्यला तीन, अंतिमला पाच. दोन्ही भाषा येणारेच हवेत. आपल्या शाळेचा सामना कुणाला देऊ नका. बी.एड. आणि विधी महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम चांगलं करतात. आदल्या दिवशी त्यांच्याकडून एका नमुना सामन्याला गुण देऊन घ्या, फरक लगेच दिसतो. घंटा चौथ्या मिनिटाला एक, पाचव्याला दोन. भाषण चालू असताना समोरच्या संघानं प्रश्न विचारायचे ते फक्त पहिल्या आणि चौथ्या मिनिटाच्या दरम्यान.

पहिली फेरी चिठ्ठ्यांवर, पुढच्या दोन सारख्या विजयांचे संघ समोरासमोर. तीन फेऱ्यांनंतर तिन्ही जिंकलेले दोन संघ राहतात आणि दोन जिंकलेले सहा. उपांत्यच्या उरलेल्या दोन जागा या सहांमधून एकूण गुणांवर. हे आधीच जाहीर करा, नाहीतर दुपारी वाद ठरलेला.

बालाघाट:
दोन विषय तीन आठवडे आधी द्या, तिसरा जागेवर, 20 मिनिटांच्या तयारीचा. 'मराठवाड्यात नव्या साखर कारखान्यांना परवानगी देऊ नये' हा विषय रंग धरतो: 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे एका बाजूला, उसाला मिळणारा हमखास भाव दुसऱ्या बाजूला. 'विज्ञान शाप की वरदान' नको. त्यात कोणत्या बाजूला काय सिद्ध करायचं तेच ठरत नाही.

साडेनऊला पहिली फेरी, साडेचारला अंतिम संपायला हवी, नाहीतर पाथरी-जिंतूरच्या मुलांना एसटी गाठताना अंधार पडतो. उद्घाटन 10 मिनिटांत उरका, पाहुण्यांची भाषणं बक्षिसांच्या वेळी.

गोदाकाठ:
दोन उर्दू माध्यमाच्या शाळाही विचारतायत.

मांजरा:
जरूर घ्या. मराठीऐवजी उर्दूची मुभा द्या. बोलीतली उर्दू आपल्या मुलांना कळते. विषय उर्दूतही छापा, आणि उर्दू समजणारे निदान दोन परीक्षक आधी पक्के करून चिठ्ठ्या निघाल्यावर त्यांना त्या खोल्या द्या.