मदत हवी आहे: चीटग्रास हे रानगवत कसं आवरायचं? (बॉयसी, आयडाहो, अमेरिका)

घरामागच्या उतारावर चीटग्रासने नुसता उच्छाद मांडलाय. शरदातल्या पावसावर उगवतं, थंडीभर मुळं वाढवतं, जूनपर्यंत तांबूस-जांभळं होऊन वाळतं. मग वणव्याला एक ठिणगी पुरे! कुसळं मोज्यांत घुसतात ते ठीक, पण कुत्र्याच्या कानातून काढायला व्हेटकडे धावावं लागलं. बी जमिनीत फार वर्षं टिकत नाही, त्यामुळे दोन-तीन हंगाम बी धरू दिलं नाही तर आटोक्यात येईल. पण लवकर कापलं की मेलं बुटकं फुटून पुन्हा लोंब्या धरतं. इंडाझिफ्लॅम हे तणनाशक उगवणीआधी मारलं तर जुनं सेजब्रश (इथलं रानझुडूप) वाचेल, पण इथल्या मूळच्या गवताचं नवं बीही रुजणार नाही. मग आधी फवारणी की आधी पेरणी? कुणी केलंय का?