मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयस्नायू पेशींचे शुद्धीकरण

प्रश्न: प्रेरित मूळपेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन बनवलेल्या पेशी) हृदयस्नायू पेशी वाढवताना बाराव्या दिवशी डिशमधील थर लयीत धडधडताना दिसतात, परंतु त्यांच्यामधल्या जागेत निश्चल, चपट्या पेशीही पसरलेल्या असतात. जनुकीय बदल न करता त्या कशा काढाव्यात?

उत्तर: माध्यमातील (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवातील) ग्लुकोज काढून त्याऐवजी लॅक्टेट द्यावे. हृदयस्नायू पेशी लॅक्टेटपासून ऊर्जा मिळवतात, तर ग्लुकोजवर विसंबलेल्या बहुतेक इतर पेशी उपासमारीने मरतात. जपानच्या केइओ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये या मार्गाने ९९ टक्क्यांपर्यंत शुद्धता मिळवली. माध्यमात सीरम (रक्तातील पेशी व गोठणारे घटक काढून उरलेला द्रव) मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यातही ग्लुकोज असते. माझा पहिला प्रयत्न नेमका त्यामुळेच फसला होता.

दुसरे उत्तर: उपासमार लांबवू नये, कारण हृदयस्नायू पेशींनाही तिचा ताण सोसावा लागतो. घाई असल्यास हृदयस्नायू पेशींच्या पृष्ठभागावरील सिर्प-अल्फा प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून त्या पेशी वेगळ्या करता येतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शुद्धता कशी तपासावी?

उत्तर: नुसत्या धडधडीवर विसंबू नका. ट्रोपोनिन-टी हे हृदयस्नायूंतील प्रथिन रंगवून ते असलेल्या पेशींचे प्रमाण फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी प्रकाशझोतासमोरून नेऊन मोजण्याच्या तंत्राने) मोजा. प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर शिल्लक अविभेदित (अजून कोणत्याही ठरावीक प्रकारात न बदललेल्या) मूळपेशींचा शोध स्वतंत्रपणे घ्या, कारण त्यांच्यापासून टेराटोमाची (अनेक प्रकारच्या ऊती असलेली) गाठ होऊ शकते.