चर्चा : आर्बिट्राज-स्कॅल्पिंगमध्ये बिनधोक नफा खरंच असतो का?

शिवाजीपेठकर
पेठेतल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. कोट घातलेला गडी सांगतो, क्रिकेटवर पैसे लावा पण जुगार खेळू नका. आर्बिट्राज करा, स्कॅल्पिंग करा, हरायचा विषयच नाही. खाली कोर्सची लिंक. कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढला. माझं मत आधीच सांगतो: गणित बरोबर आहे, पण इथं बसून केलं तर तोट्यात जातं.

नवख्यांसाठी आर्बिट्राजचं गणित, म्हणजे दोन बुकींच्या भावांतला फरक उचलायचा. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात एक बुकी भारताला २.०५ भाव देतोय, म्हणजे १०० लावले आणि भारत जिंकला तर मुद्दलासकट २०५. दुसरा बुकी ऑस्ट्रेलियाला २.०२ देतोय. १ भागिले २.०५ अधिक १ भागिले २.०२, बेरीज ०.९८३. बेरीज एकाच्या खाली आली की फट सापडली. (एकाच बुकीकडे ही बेरीज नेहमी एकाच्या वर असते, तीच त्याची कमाई.) एक लाखातले ४९,६३० भारतावर आणि ५०,३७० ऑस्ट्रेलियावर लावले, तर कुणीही जिंकलं तरी १,०१,७४० च्या आसपास परत येतात. नफा साधारण १,७४०.

स्कॅल्पिंग म्हणजे पैज लावून भाव थोडा हलला की उलटी पैज घ्यायची आणि किरकोळ नफा सोडवायचा. त्याला एक्स्चेंज लागतं. तिथं समोर बुकी नसतो, पंटरच (पैज लावणारेच) एकमेकांशी खेळतात. लावताही येतं, खाताही येतं (खाणं म्हणजे तो संघ जिंकणार नाही म्हणून समोरच्याची पैज आपण घ्यायची). लंडनचं बेटफेअर २००० साली याच धर्तीवर निघालं. २.०४ ला १०,००० लावले, भाव २.०० वर उतरला, तिथं १०,२०० खाल्ले. आता कुणीही जिंको, २०० सुटले. एक्स्चेंजचं कमिशन त्यातूनच जातं.

गुजरीवाला
मग अडलं कुठं, भावा? तूच सांगितलंस की नफा सुटतो. गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, दोन पेढ्यांच्या भावात फरक दिसला तर एकीकडं घेऊन दुसरीकडं विकणाऱ्याला आपण जुगारी म्हणतो का? हुशार म्हणतो. म्युच्युअल फंडवाले आर्बिट्राज फंड काढून हेच राजरोस करतात. सामना कोण जिंकणार याच्याशी मला देणंघेणंच नाही, फक्त भावातला फरक उचलायचा. जे नुसतं 'आपलाच संघ जिंकणार' म्हणून लावतात ते जुगारी. आकडेमोड करणाऱ्याला त्यांच्या रांगेत बसवू नका.

तालमीतला_गडी
मर्दा, एवढी आकडेमोड बारावीला केली असतीस तर.

शिवाजीपेठकर
@गुजरीवाला, पेढीवर सोनं हातात येतं. शेअर बाजारात सौदा पुरा करून द्यायची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेतं. इथं दोन सौदे दोन वेगळ्या माणसांच्या मर्जीवर. टेनिसचंच घे. खेळाडू दुखापतीनं मधेच बाहेर पडला तर काही बुकी पैज रद्द करून मुद्दल परत देतात, तर काहींकडं पहिला सेट पुरा झाला असला की निकाल धरतात. एका बाजूचं मुद्दल परत आलं, दुसऱ्या बाजूला हरलास, कुठं गेला बिनधोक नफा? क्रिकेटमध्ये टाय. २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलला सामना टाय, सुपर ओव्हरही टाय, शेवटी चौकार मोजून इंग्लंड जिंकलं. अशा वेळी दोन्हीकडचे नियम तंतोतंत एक नसले की एक बाजू उघडी पडलीच. आणि भाव चुकून लागला होता म्हणून पैज रद्द करायचा हक्क बुकी नियमातच लिहून ठेवतात. एवढी मोठी फट बऱ्याचदा अशा चुकीच्या भावामुळंच दिसते!

स्कॅल्पिंगचं त्याहून वाईट. २.०४ ला लावलेस आणि विकेट पडून भाव २.६० झाला. एक्स्चेंजवरचा बाजार बंद होऊन परत उघडेस्तोवर तुला हलता येत नाही. तिथं तोटा कापलास तर २,१५० च्या वर गेले. म्हणजे दहा वेळा जमवलेलं एका चेंडूत गेलं. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागं असतं, मैदानात बसलेल्या माणसाला विकेट आधी कळते, हे वेगळंच.

गुजरीवाला
नियम वाचून खेळायचं. आळशी माणसाला कुठल्याच धंद्यात पैसा नाही. आणि स्कॅल्पिंग सामना सुरू व्हायच्या आधी करायचं असतं, तेव्हा विकेट पडत नाही. माहिती अर्धी सांगू नकोस.

शिवाजीपेठकर
हा मुद्दा मान्य. सामन्याआधी धोका कमी असतो. पण भावही तेवढाच कमी हलतो, त्यामुळं दोनशे-दोनशेसाठी मोठी रक्कम अडकवावी लागते.

सातबारा
दोघंही मूळ हिशेब विसरलात. कर. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि १ एप्रिल २०२३ पासून टीडीएस. तो प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा मोजतात. एकीकडं हरलेले दुसरीकडच्या जिंकण्यातून वजा होत नाहीत. आता वरचंच उदाहरण घ्या. भारत जिंकला, त्या खात्यात निव्वळ ५२,११२ आले. ३० टक्के म्हणजे १५,६३४. ऑस्ट्रेलियावरचे ५०,३७० गेले ते गेलेच, त्याची वजावट नाही. नफा १,७४२ आणि कर १५,६३४. पदरचे जवळपास १४ हजार घालायचे. आर्बिट्राजमध्ये एक बाजू हरतेच, म्हणून एक खातं नफ्यात आणि दुसरं तोट्यात राहिलं की हा फटका बसणार.

ब्रिटनमध्ये पंटरला जिंकलेल्या पैशावर कर नाही. हे गणित तिथं चालतं, म्हणून तिथले लोक व्हिडिओ करतात. आपल्याकडं त्याचंच मराठी करून कोर्स विकतात. आणि तिथंही सतत असं जिंकणाऱ्याची मर्यादा बुकी इतकी खाली आणतात की पुढं चिल्लर लावायची वेळ येते.

वकिली_बाणा
कायद्याचंही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग त्यात कौशल्य असो की नशीब. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे गुजरीवाल्यांनी म्हणायच्या आधी मीच सांगतो. पण अड्ड्यावर सापडलात तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहेच. तेव्हा 'आम्ही आकडेमोड करतो, जुगार नाही' हा बचाव कोर्टात मांडायच्या भानगडीत पडू नका.

गुजरीवाला
म्हणजे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्याला लावलं तर चालतं आणि मोबाईलवर हिशेबानं लावलं तर गुन्हा. हे तुम्हाला पटतं? बंदी घातली म्हणून खेळ थांबला का? सगळे बुकीकडून आयडी, म्हणजे त्याच्या बेटिंग साइटचं खातं, घेऊन बसलेत. कर-बिर कुणी भरत नाही तिथं, त्यामुळं सातबाराचा हिशेब कागदावरच.

सातबारा
रेसकोर्सचं तुमचं बरोबर आहे, ती विसंगती आहेच. पण आता तुम्ही स्वतःच सांगितलंत की नफा कर चुकवल्यावरच उरतो. मग ते आर्बिट्राज कसलं? आणि आयडीवाला बुकी पैज रद्द करून टाकतो, फोन उचलत नाही. दाद कुणाकडं मागणार?

तालमीतला_गडी
काका आज फॉर्मात.

खातेवही
मी बँकेत काउंटरला असते, तेवढंच सांगते. आयडीवर जिंकलेले पैसे बुकीच्या नावाच्या खात्यातून कधीच येत नाहीत. कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात, दर वेळी वेगळ्या. त्यातलं एखादं खातं ऑनलाइन फसवणुकीतलं निघालं, कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार केली, की साखळीत पुढं गेलेली रक्कम गोठवली जाते. मग कुठल्यातरी परराज्यातल्या पोलीस ठाण्याचं पत्र येतं आणि पोरगा काउंटरसमोर उभा राहतो : "मॅडम, माझे साडेतीन हजारच आलते, पण पगार अडकलाय." पैसे कशाचे ते त्याला लिहून देता येत नाही. बँकही आपणहून ते सोडवू शकत नाही, त्या ठाण्याशीच बोलावं लागतं. यात आर्बिट्राजवाल्याचे व्यवहार जास्त, रोजचे, दोन-तीन आयडींवरचे. त्यामुळं तो लवकर सापडतो.

गुजरीवाला
ताई, माझ्या आयडीला नावच नाही. नुसता नंबर आहे.

खातेवही
आयडीला नसेल, दादा. यूपीआयला आहे.