मंगळावरच्या उतारांवर ‘घळ’ की ‘ओहळ’?

ओवी: शाळेतल्या मुलांसाठी मंगळाच्या भूरूपांचे फलक करतेय. विवरांच्या उतारांवर जे दिसतं, इंग्रजीत ‘गली’ म्हणतात ते, त्याला मी ‘घळ’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘ओहळ’ केलं. वर कड्यालगत खोबण, तिथून उतरणारा वाकडातिकडा चर आणि तळाशी सुपातून ओतल्यासारखी पसरलेली माती, असं ते रूप. २००० साली मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या छायाचित्रांमुळे ते पुढे आलं. ‘ओहळ’ पटतं का तुम्हाला?

भटक्या: ओहळ नाही, पण घळही नाही. शिवथरघळ पाहिलीत ना? कातळाखालची पोकळी आहे ती, आत माणसं बसतात. तुम्ही सांगताय ती नाळ. सह्याद्रीतल्या बोराट्याच्या नाळेत दोन्ही अंगांना कातळ आणि पायाखाली सुटे धोंडे, अगदी तसंच.

पुनर्वसू: आमच्याकडे घळ म्हणजे डोंगरातली चिंचोळी खाच. गुरं घळीत उतरली की आजी आम्हाला पिटाळायची. तिथे गुहाबिहा काही नव्हती. एका शिवथरवरून अर्थ ठरवू नका. आणि नाळ म्हटलं की मुलांना बाळाचीच आठवणार.

भटक्या: आठवू दे. दुसरा अर्थही कळेल.

कातळ: मला ‘ओहळ’ खटकतो तो पाण्यामुळे. सुरुवातीला या रचना पाण्याने झाल्या असं वाटलं होतं. पण २००६ पासून मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान त्यांच्यावर नजर ठेवून आहे आणि तिथले आजचे बदल गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या हंगामाशी जुळतात. त्याची वाफ होताना माती घसरते. शब्दातच पाणी ओतलं तर मुलं तेच धरून बसतील. १८७७ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्लीने मंगळावर दिसलेल्या रेषांना ‘कानाली’ लिहिलं. इटालियनमध्ये त्यात नैसर्गिक पात्रंही येतात, इंग्रजीत मात्र त्याचे खणलेले कालवे झाले आणि अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेलने ते खणणारे मंगळवासीच मानले. ‘चर’ही तसलाच. चर माणसं खणतात.

ओवी: खरंय, पाणलोटाच्या कामात समतल चर मीही खणलेत. चर काढून टाकते.

गोदाकाठ: मुळात मंगळावर ‘भूरूप’ कसं? भू म्हणजे पृथ्वी. इनसाइट यानाने १३०० हून जास्त हादरे नोंदवले, त्यांना आपण ‘मंगळकंप’ म्हणतो. मग ‘मंगळरूप’ का नको?

पुनर्वसू: भू म्हणजे जमीनही. भूखंड विकत घेतो तेव्हा पृथ्वी थोडीच घेतो! शिवाय मंगळ तर भौम, भूमीचा मुलगा. कुज म्हणजेही तेच, कु म्हणजे पृथ्वी. आईचं नाव लावलं तर बिघडलं काय?

गोदाकाठ: मग शुक्राचं काय करणार? तो तर भृगूचा.

कातळ: चंद्रावरचे खडक तपासणाऱ्यालाही आपण भूशास्त्रज्ञच म्हणतो. रुळलेला शब्द मोडू नये.

ओवी: फलक उद्या छपाईला जातायत. खोबण ठेवली, खालच्या मातीला पंखा म्हटलं. मधल्या भागाला काय लिहू?

पुनर्वसू: गोदाकाठ, पंचांगात मंगळवारला भौमवासर म्हणतात, तेही बदलायचं का?

गोदाकाठ: ते राहू द्या. पण अंगारकीतला अंगारकही मंगळच, तिथे भू कुठे आली?