बार्क म्हणजे कुठलं बार्क? पूर्ण नाव लिहावं की नको?

अणुशक्तीनगरी
गेल्या गुरुवारची गोष्ट. माझी जाऊ गोरेगावला मालिकांच्या एडिटिंगचं काम करते. घरात शिरता शिरता म्हणाली, "बार्कचे आकडे आले, आमची घसरली." सासऱ्यांची अख्खी नोकरी ट्रॉम्बेला गेलेली. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, "कुठल्या युनिटचे?"

हसून झालं, पण प्रश्न राहिलाच. भाभा अणुसंशोधन केंद्राला हे नाव मिळालं १९६७ साली. टीव्हीचे आकडे देणारी ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल २०१५ पासून रेटिंग देते. दोघांची आद्याक्षरं तीच, दोघं मुंबईतच. इंग्रजीत निदान मोठी अक्षरं दिसली की हे लघुरूप आहे एवढं तरी कळतं. देवनागरीत ती सोय नाही. 'बार्क', 'बेस्ट', 'सब' हे साध्या शब्दांसारखेच दिसतात. म्हणून माझं म्हणणं, मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव द्यायलाच हवं. अपवाद नको.

रात्रपाळी
ताई, साफ चूक. मी डेस्कवर काम करतो. तुमचा नियम लावला तर 'आनंदबाजार पत्रिका माझा' असं लिहावं लागेल. २०१२ मध्ये स्टार माझाचं एबीपी माझा झालं, तेव्हा कोणाच्या घरात काही अडलं का? ईटीव्ही मराठीचंही तेच. त्यातला 'ई' ईनाडू या तेलुगू दैनिकाचा, हे निम्म्या प्रेक्षकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एंटरटेनमेंटचा समजून बघत राहिले. २०१५ ला त्याचं कलर्स मराठी झालं, विषय संपला.

आणि सब टीव्ही? मुळात श्री अधिकारी ब्रदर्सची आद्याक्षरं. २००५ साली वाहिनी सोनीकडे गेली. आता पूर्ण नाव लिहिलंत तर मालकच चुकीचा सांगाल! लोकांनी कधीच 'सब' म्हणजे 'सगळे' असा अर्थ लावून टाकलाय. काही वर्षांनी लघुरूपाचं नाव होतं. नावाची फोड करत नाहीत.

उपशीर्षकवाली
रात्रपाळीदादा, तुमचा वाचक मुंबईतला आहे म्हणून हे खपतं. मी परदेशी कार्यक्रमांचं भाषांतर करते. एकदा एका कामात 'एबीसीच्या वार्ताहराने सांगितलं' असं वाक्य आलं. मी सरळ 'अमेरिकेतल्या एबीसीच्या' केलं. तो वार्ताहर सिडनीहून बोलत होता. काम परत आलं, वर दोन दिवस बोलणी. (पैसे अजून यायचेत, तो वेगळा धागा.)

अमेरिकेची ती अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनी, १९४३ ची. ऑस्ट्रेलियाची सरकारी संस्था १९३२ ची, म्हणजे थोरली. आधी कमिशन होती, १९८३ साली कॉर्पोरेशन झाली. सी मात्र तोच. आणि तुमच्या डेस्कवर एबीसी म्हटलं की काय आठवतं? खप! ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, १९४८ पासून.

एसबीएस तर विचारूच नका. कोरियन मालिकांच्या पोरींसाठी ते सोल ब्रॉडकास्टिंग सिस्टिम. ऑस्ट्रेलियात स्पेशल ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. आणि आमच्या सासूबाईंसाठी दुपारचं 'सास, बहू और साजिश'. तिघींना एका खोलीत बसवा आणि 'एसबीएस लावा' म्हणा.

गिरगावकर
डीडी म्हटल्यावर माझी आजी सह्याद्री लावते आणि बाबा बँकेचं पासबुक शोधतात.

ट्रामची_घंटा
वाहिन्यांचं चाललंय, पण थोडा फाटा फोडतो. रात्रपाळी म्हणतात 'नावाची फोड करत नाहीत', ते मला पटतं, कारण मुंबईची बससेवा, बेस्ट. १९०५ च्या कंपनीत बी म्हणजे बॉम्बे, टी म्हणजे ट्रामवेज. १९४७ मध्ये पालिकेने ती घेतली आणि टीचं ट्रान्सपोर्ट झालं, ट्राम अजून रस्त्यावर धावत असताना! शेवटची ट्राम गेली ३१ मार्च १९६४ ला. पुढे बॉम्बेचंही बृहन्मुंबई झालं. चारातली दोन अक्षरं आतून बदलली, बसवरचं नाव तेच.

पण अणुशक्तीताईंचंही खोटं नाही. आमचा पुण्याचा मेहुणा मुलाखतीला आला होता. ऑफिस सीएसटी रोडला. गडी थेट सीएसटी स्टेशनला उतरून रस्ता विचारत बसला. तो रस्ता कुर्ला-कलिनाकडचा, नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून. १९२८ ते १९३४ एवढीच ती गाडी चालली. स्टेशनला तर १९९६ पर्यंत व्हीटीच म्हणायचे, आणि २०१७ पासून ते सीएसएमटी आहे. मेहुण्याची मुलाखत हुकली ती हुकलीच.

रात्रपाळी
मेहुण्याला पत्ता देणाऱ्याने 'कलिना' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. माझं तेच म्हणणं आहे. पूर्ण नाव नको, गाव द्या. 'ऑस्ट्रेलियाची एबीसी', 'ट्रॉम्बेचं बार्क'. एका शब्दात काम.

उपशीर्षकवाली
हे चालेल. उपशीर्षकात तसंही एका ओळीत बेचाळीसेक अक्षरं मिळतात, 'ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' लिहिलं की क्रियापदाला जागाच उरत नाही.

अणुशक्तीनगरी
मला नाही चालत. ज्याला ट्रॉम्बेत काय आहे हेच माहीत नाही, त्याला 'ट्रॉम्बेचं बार्क' म्हणून काय कळणार? गोंदियातल्या वाचकाचा विचार करा. 'अपवाद नको' हे मात्र मागे घेते. सबपुरतं रात्रपाळींचं बरोबर, जुना मालक नव्याच्या नावात कोंबण्यात अर्थ नाही. पण ज्या संस्थेचं पूर्ण नाव आजही खरं आहे, तिचं एकदा लिहायला काय जातं?

रात्रपाळी
जागा जाते, ताई. तीनशे शब्दांच्या बातमीत चार संस्था आल्या की वीस शब्द नुसते नावातच.

गिरगावकर
पण घरी शेवटी काय ठरलं ते सांगा की.

अणुशक्तीनगरी
सासरे म्हणतात, आमचं आधीचं, त्यांनी नाव बदलावं. जाऊ म्हणते, गुरुवारी आकडे बघून कळवते.