ललिता बाबरकडून तुम्ही नक्की काय घेतलंत?

15 ऑगस्ट 2016 ची संध्याकाळ. साताऱ्यात आमच्या घरी टीव्हीसमोर मी, आई आणि अळूवड्या द्यायला म्हणून आलेल्या शेजारच्या काकू. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावत होती. 1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा 400 मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत पोचली होती. त्यानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ही भारतीय मुलगी आमच्या जिल्ह्यातली होती. वड्या गार झाल्या, काकू हलल्या नाहीत. ललिता दहावी आली.

काकू डबा उचलत म्हणाल्या, "म्हणजे दहावीच आली की."

आई म्हणाली, "जगात आली, वहिनी. तुमच्या बोळात नाही."

ते "दहावीच की" माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून हे आमंत्रण. सातारा-सांगलीकडच्यांनी, आणि इथून बाहेर गेलेल्यांनीही, तिच्याकडून काय उचललं ते लिहावं. अट एकच. जिद्द, चिकाटी, मेहनत हे शब्द सत्काराच्या भाषणांसाठी राखून ठेवू. तुम्ही वेगळं काय केलंत ते सांगा. काही केलं नसेल तर तसं सांगा.

आधी माझं सांगते. ललितानं 2012, 2013, 2014 अशी ओळीनं तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांतला पहिला क्रमांक घेतला. नाव झालं होतं. तरी तिनं 42 किलोमीटर बाजूला ठेवले आणि तीन किलोमीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीवर सगळा जोर लावला. 2014 लाच आशियाई खेळांत कांस्य, 2015 ला वुहानला आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी.

माझे तेव्हा चाळीस डबे जात होते, पोळी-भाजीचे. कंबर गेली होती, पण बंद करायला धीर होत नव्हता, कारण धंदा नीट चालला होता. वाईट चालला असता तर केव्हाच सोडला असता. 2017 च्या दिवाळीनंतर डबे थांबवले आणि पाकिटातली कडक भाकरी सुरू केली, बाजरीची नि ज्वारीची. पहिल्याच पावसाळ्यात भाकऱ्या सादळल्या, दोन दुकानदारांनी अख्खा माल परत धाडला. नवरा तोंडानं काही बोलला नाही, पण सलग आठवडाभर ताटात सादळलेली भाकरी आमटीत चुरून खात राहिला. तेच त्याचं बोलणं. आता बरं चाललंय. डब्यांइतके पैसे मात्र अजून सुटत नाहीत, हेही लिहून ठेवते.

निवृत्त क्रीडाशिक्षक, दहिवडी

आधी शर्यत समजून घ्या, मग बोध. (माफ करा, तीस वर्षांची सवय.)

तीन हजार मीटरमध्ये 28 साधे अडथळे आणि 7 पाणउड्या. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर 30 इंच. शंभर मीटरच्या अडथळ्याला पाय लागला तर अडथळा पडतो. स्टीपलचेसचं लाकूड जागचं हलत नाही. धडकलात तर पडायचं तुम्ही. पण त्यावर पाय ठेवून जायला पूर्ण परवानगी असते, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं. पाण्यापाशी तर बहुतेक जणी लाकडावर पाय रोवूनच पुढं झेपावतात. तिथला खड्डा अडथळ्याशी खोल असतो आणि पुढं उथळ होत जातो. जेवढी लांब उडी, तेवढं पाणी कमी.

आता हे आमच्या पोरींना शिकवायचं कसं? प्यायला टँकर येतो त्या गावात उडी मारायला पाणी कुठलं? आम्ही त्या जागी माती खणून भुसभुशीत केली नि खूण म्हणून चुना मारला. अडथळा म्हणजे दोन बाजूंना रचलेल्या विटा, त्यावर वेळूची काठी. पोरी तिला खुशाल लाथ मारून पळायच्या.

रिओची शर्यत बघितल्यावर मी सुताराकडनं बाभळीचा ओंडका तासून घेतला, खाली पाय बसवले. उचलायला चार पोरं लागायची. पहिल्याच आठवड्यात एकीची नडगी सोलली. तिचे वडील शाळेत आले, म्हणाले, "सर, काठीच बरी होती की." मी म्हटलं, काठीनं पोरींना काठी पाडायची सवय लागली होती, उडी कुणीच शिकली नव्हती. त्यांना पटलं नाही. पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी नडगीला फडकं बांधून हजर. महिन्याभरानं पोरी लाकडाकडं न बघता जायला लागल्या. ऑलिंपिकला कुणी गेली नाही. एक जिल्ह्याला दुसरी आली, तीही सपाट 1500 मीटरला.

म्हसवडजवळच्या एका गावातून, वय 26

मला या कौतुकाचा कंटाळा आलाय, स्पष्ट लिहिते.

ललिताताईंवरच्या प्रत्येक लेखात असतं की त्या शाळेत धावत जायच्या. मग वाचणारा शहरातला माणूस खूश होतो. वा, काय ती माती! अहो, मी पण शाळेला पाच किलोमीटर जात होते, रोज. माझे आत्ताच गुडघे दुखतात. 2012-13 च्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत होती. आजी आणि मी तिथंच राहिलो, पत्र्याच्या आडोशाला. शेणघाण काढायची, टँकर आला की रांगेत थांबायचं, उसाचे वाढे खाऊन म्हशी आटलेल्या. माझी आठवीची सहामाही बुडाली. यातनं धावपटू तयार होतो असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. हजारातली एक झाली. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांवर कोण लेख लिहिणार?

तरी घेतलं असं एक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या आठवी-नववीच्या सहा पोरींच्या आया म्हणायला लागल्या, गाडी शाळा सुटल्यावर दीड तासानं येते, अंधार होतो, पोरी घरी बसवतो. मोफत पास होते हातात, पण पास काय पळतो का? एक काका म्हणाले, "चालत येऊ दे की, ललिता बाबर नाही का धावायची." तेव्हा माझं टाळकं फिरलं. म्हटलं, काका, तिच्या नावावर आमच्या पोरी चालवू नका. मी अर्ज लिहिला, सहा पोरींची नावं, शाळा सुटायची वेळ, गाडीची वेळ, खाली आयांच्या सह्या-अंगठे. ग्रामसभेत वाचला. चार महिने आणि सात हेलपाटे. गाडी आता पन्नास मिनिटं आधी येते.

तेवढंच.

मूळ गाव खानापूर तालुका, सध्या तमिळनाडूत

आमच्या भागातले बरेच जण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला देशभर पांगलेत, त्यातलंच आमचं एक बिऱ्हाड. त्यामुळे रिओ वगैरे मी मोबाईलवर पाहिलं, भट्टीच्या आवाजात.

मला रिओपेक्षा इंचॉनचे 2014 चे आशियाई खेळ आठवतात. तिथं ललिता तिसरी आली. मग पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेटला पंचांनी बाद ठरवलं, म्हणून ललिताचं कांस्य रुपेरी झालं. मग अपील झालं, जेबेटला परत पहिली धरलं, आणि ललिता परत तिसरी. इथं लोक शर्यतीनंतर दमून बसतात आणि ही बाई पदकाचा रंग बदलताना बघत बसली असणार! तरीही पुढच्या वर्षी सुवर्ण.

माझं नाव एका नोकरीच्या प्रतीक्षायादीत होतं, मग निवड यादीत आलं, आईनं पेढे वाटले, मग दुरुस्ती यादी निघाली आणि मी परत प्रतीक्षेत. पेढे परत मागता येत नाहीत. मी काय केलं? काही नाही. तीन आठवडे कुणाचा फोन घेतला नाही. नंतर दीर म्हणाला, दुकानाचा हिशेब तरी बघा वहिनी. तो बघता बघता किती सोनं आलं, किती तूट गेली हे कळायला लागलं. आता हिशेब पूर्ण माझ्याकडं आहे. यात ललिताचा हात किती, मला सांगता येणार नाही. पण त्या तीन आठवड्यांत तिची ती पदकाची भानगड मी चार-पाचदा वाचली होती.

पोलीस भरतीची तयारी, कोरेगाव

आम्हाला मैदानात 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मी दोनदा भरती दिली. दोन्ही वेळा 800 ला शेजारच्या मुलीबरोबर पळत सुटले, सहाशेला जीव गेला.

मग एकदा बसून ललितादीदीची रिओची पात्रता फेरी पाहिली. तिथं ती चौथी आली. थेट जागा पहिल्या तिघींना. ती वेळेच्या जोरावर आत गेली, 9 मिनिटं 19.76 सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. दोन दिवसांनी अंतिम फेरीत तिला 9:22.74 लागले, म्हणजे तीन सेकंद जास्तच. तो 9:19.76 चा विक्रम सात वर्षं टिकला, 2023 ला बुडापेस्टमध्ये पारुल चौधरीनं 9:15.31 करून मोडला. मला हे वाचून असं वाटलं की चौथी येऊन जर ती देशात तोवरची सगळ्यात वेगवान ठरते, तर मी शेजारणीकडं कशाला बघतेय?

माझा धाकटा भाऊ मोबाईलवर वेळ धरतो. सुरुवातीला तो दर दोनशेला ओरडायचा आणि सेकंद चुकवायचा, कारण मध्येच गेम उघडायचा. त्याला रविवारी वडापाव कबूल केला, मग सुधारला. या भरतीत मैदानाचे गुण आधीपेक्षा अकरानं वाढले. लेखीत राहिले. गणित. परत भरणार आहे.

कराड, वय 58, सुनेच्या मोबाईलवरून

मी धावत बिवत नाही. पण पायात बूट घालायची लाज वाटायची, साडीवर बूट म्हणजे कसं दिसतं. मुलाकडं साताऱ्याला गेले तेव्हा सकाळी यवतेश्वरच्या घाटात बाया बघितल्या चालताना, साडी नि बूट. मुलगा म्हणाला, आई, ललिता बाबर अनवाणी पळाली असती का रिओला? बूट घेतले. पांढरे घेतले ती चूक झाली, धुवावे लागतात.

महसूल खात्यात लिपिक, सांगली जिल्हा

मी खो-खोतून आले. ललितानंही सुरुवातीला खो-खो खेळलाय, त्यामुळे ती थोडी आमची.

तिची ऑलिंपिकनंतरची गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आधी रेल्वेत नोकरी, मग राज्य शासनानं खेळाडू म्हणून थेट उपजिल्हाधिकारी केलं. लोकांना वाटतं, झालं, मिळाली खुर्ची. मला त्या खुर्चीची कल्पना आहे. सातबारा, फेरफार, वारसनोंद, पंचनामा, प्रत्येक शब्द नवा. आणि समोरचा प्रत्येक माणूस मनातल्या मनात म्हणत असतो, कोट्यातनं आल्यात.

मला ते तोंडावर म्हटलं गेलंय. पहिल्या वर्षी मी न कळलेल्या फायली कपाटात मागं सरकवत होते, विचारलं तर अडाणी ठरू म्हणून. एका वारसनोंदीत बहिणीचं नाव सुटलं, आणि ती बाई दोन मुलं घेऊन कचेरीत आली. ओरडली नाही, नुसती बाकावर बसून राहिली. त्या दिवशी मी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान सहकाऱ्याला म्हटलं, मला हे पहिल्यापासून शिकव. ललिता मॅरेथॉन जिंकून झाल्यावर लाकडावरनं उडी कशी मारायची हे शिकायला उभी राहिलीच ना! जिंकलेल्या माणसाला कच्चं दिसायला जास्त धीर लागतो, हे मला तेव्हा समजलं. नोंद दुरुस्त झाली. मला सात महिने लागले, त्या बाईचे तेवढे हेलपाटे वाचवता आले नाहीत.

दहिवडीचे सर, पुन्हा

म्हसवडकडच्या ताईंना: तुमचं बरोबर आहे. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरी पळायला यायच्या नाहीत, कारण घरी पाणी भरायचं असायचं. हे मी वर लिहायला हवं होतं.

दुसरं, तो बाभळीचा अडथळा शाळेच्या मागं पडून आहे. मी निवृत्त झाल्यापासून कुणी हात लावला नाही, एका पायाला वाळवी दिसतेय. कुणाला पोरी शिकवायला हवा असेल तर न्या. टेम्पोचं भाडं मी देईन.

कोरेगावहून

सर, मला 800 ला अडथळे नसतात. पण मामाची पोरगी नववीत आहे, तिला उड्या मारायची भारी हौस. रविवारी येतो. भाऊ पण येईल, चार जण लागतात म्हणालात ना उचलायला.